एच-४ वर असताना छळ, पासपोर्ट नवऱ्याकडे : अमेरिकेत कायद्याची काही मदत मिळते का?

केतकीचंबन
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात असला तर अ‍ॅडमिननी हलवावा. विषय माझ्या चुलत बहिणीचा आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय. ती ह्यूस्टनच्या बाजूला असते, नवरा एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ही एच-४ म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर, त्याचं आय-१४० (कंपनीने ग्रीनकार्डसाठी भरलेला अर्ज) अप्रूव्ह झालेलं आणि मग ग्रीनकार्डची ती आपल्या लोकांची कधी न संपणारी रांग. एक लहान मुलगी आहे, तिथेच जन्मलेली. मारहाण पहिल्यापासूनच होती हे आम्हाला आत्ता आत्ता कळतंय, ती फोनवर कायम "सगळं मजेत" म्हणायची. तिचा पासपोर्ट, डिग्र्या, लग्नाचं सर्टिफिकेट सगळं त्याने ऑफिसात नेऊन ठेवलंय. एच-४ ईएडी, म्हणजे कामाचं परमिट, काढून नोकरी करते म्हणाली तर त्याला लागणारे कागदच देत नाही. मागे शेजारच्यांनी एकदा ९११ ला फोन केला होता, पोलीस आले, हा दारात उभा राहून फर्ड्या इंग्रजीत हसतखेळत बोलला, ही मागे मुलीला कडेवर घेऊन गप्प, पोलीस निघून गेले. आता म्हणतोय दिवाळीला सगळे पुण्याला जाऊ, आणि हिला खात्री आहे की तिथे सोडून एकटाच परत येणार.
तर विचारायचं हे की एच-४ वरच्या बाईला काही संरक्षण असतं का, की सगळे कायदे तिथल्या नागरिकांपुरते? केस केली आणि त्याचा व्हिसा गेला तर हिचाही जाणार ना? आणि काकू म्हणतायत मुलीला घे आणि सरळ निघून ये, ते बरोबर का?

आजोळ
काकू बरोबर म्हणतायत. परक्या देशात कोर्टकचेऱ्या कोण करणार, आपल्या घरी आली की आपली चार माणसं आहेत. पासपोर्टाचं काय ते कॉन्सुलेटमधून बघता येईल. पोरीला घ्यावं आणि पहिल्या विमानाने यावं.

हडसनकाठ
केतकी, मी इथे जर्सीत दक्षिण आशियाई बायकांच्या हेल्पलाइनवर बरीच वर्षं व्हॉलंटियर करतेय, वकील नाही, त्यामुळे जे लिहीन ते वकिलाला विचारायचे प्रश्न म्हणून घे. पण सगळ्यात आधी, हा धागा ती स्वतः घरच्या वायफायवर वाचतेय का? फोन त्याच्या फॅमिली प्लॅनवर आहे का, गूगलचं अकाउंट शेअर आहे का? असेल तर आज ती लिंक तिला पाठवू नकोस. तू तिच्याशी बोलताना तो ऑफिसात असेल तेव्हाच बोल. फॅमिली प्लॅनमधून तिची लाइन वेगळी करता येते, २०२२ मध्ये सेफ कनेक्शन्स अ‍ॅक्ट म्हणून कायदा झालाय, त्याच्या परवानगीशिवाय कंपनीला ते करून द्यावं लागतं. पण घाईने नको, लाइन तुटली की त्याला कळतंच, त्याआधी ती कुठे जाणार ते ठरलेलं हवं.
ह्यूस्टनला 'दया' नावाची संस्था आहे, १९९६ पासून, आपल्याच भागातल्या बायकांसाठी. तिथे फोन करायला ती घर सोडून आलेली असायला लागत नाही, नुसतं बोलायलाही करता येतो. मध्यरात्री काही झालं तर राष्ट्रीय हॉटलाइन १-८००-७९९-७२३३, दुभाष्या मागता येतो.
@आजोळ, तुमची माया कळते पण कृपा करून "पहिल्या विमानाने ये" हे कोणाला सांगू नका, का ते खाली कायदेकानू लिहितीलच, त्यांना विपू (विचारपुशीत निरोप) केलीय.

कायदेकानू
हडसनकाठताईंनी बोलावलं म्हणून आलो. मी इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल आहे, सल्ला द्यायचा मला अधिकार नाही, माहिती देऊ शकतो.
मुलीचं आधी. मूल अमेरिकेत जन्मलेलं, अमेरिकेतच राहणारं, आणि आई बापाला न सांगता त्याला भारतात घेऊन गेली तर बाप दुसऱ्या दिवशी तिथल्या फॅमिली कोर्टात उभा राहतो, कस्टडी त्याला मिळते आणि आईवर मूल पळवल्याचा गुन्हा लागू शकतो. भारताने हेग करारावर (पळवून नेलेलं मूल परत पाठवण्याचा आंतरराष्ट्रीय करार) सही केलेली नाही त्यामुळे मूल आपोआप परत पाठवलं जात नाही हे खरं, भारतीय कोर्टं मुलाचं हित बघतात हेही खरं, पण त्या बाईला अमेरिकेत परत पाऊल ठेवणं अवघड होऊन बसतं आणि मार खाणारी तीच असून कागदावर आरोपी तीच होते. हेच जर तिने आधी टेक्सासच्या कोर्टातून प्रोटेक्टिव्ह ऑर्डर (छळणाऱ्याला दूर ठेवणारा आदेश) घेतली, तात्पुरत्या कस्टडीचा आदेश घेतला, तर सगळं उलटं. त्या ऑर्डरला इमिग्रेशन स्टेटस विचारत नाहीत, एच-४ असो, व्हिसा संपलेला असो, कोणालाही मागता येते.
आता मोठा प्रश्न. पहिली गोष्ट कुठलाही वकील विचारेल ती ही की नवरा कोण आहे. सिटिझन, ग्रीनकार्डवाला, की व्हिसावर? पुढचं सगळं त्यावर फिरतं.
नवरा सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाला असेल तर १९९४ चा व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन अ‍ॅक्ट, ज्याला सगळे व्हावा म्हणतात. बायको स्वतःच स्वतःसाठी आय-३६० फॉर्म भरते, नवऱ्याची सही नको, त्याला कळवतही नाहीत, फी नाही, पत्ता मैत्रिणीचा किंवा वकिलाचा देता येतो. त्या फाइलची माहिती बाहेर द्यायला इमिग्रेशनवाल्यांना कायद्याने बंदी आहे, आणि छळणाऱ्याने दिलेल्या माहितीवरच विसंबून तिच्याविरुद्ध निर्णय घ्यायलाही. घटस्फोट झाला असला तरी दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो, फक्त तो घटस्फोट छळाशी जोडलेला दाखवता यायला हवा. नावात विमेन असलं तरी पुरुषालाही करता येतो.
पण केतकी, तुमच्या बहिणीचा नवरा एच-१बी वर आहे. व्हावाचं हे दार तिला बंद आहे. तिला काय उरतं ते रात्री सविस्तर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

केतकीचंबन
वाचून हातपाय गार पडले. म्हणजे तोच मार, तेच घर, पण नवऱ्याकडे ग्रीनकार्ड असतं तर तिला वाट होती आणि नाही म्हणून नाही?

निनावी_पाखरू
हा माझा डुआयडी (डुप्लिकेट आयडी) आहे, कारण उघड आहे. केतकी, हो, अगदी तसंच आहे. माझा नवरा सिटिझन होता, मला व्हावातून मिळालं. माझ्याच बिल्डिंगमधली एक तेलुगू मुलगी, तिची माझ्याहून वाईट अवस्था, तिचा नवरा एच-१बी, तिला नाही मिळालं. आम्ही दोघी एकाच शेल्टरमध्ये होतो.
कागदांबद्दल सांगते कारण कोणी सांगत नाही. मला वाटायचं पोलीस रिपोर्ट नाही, हॉस्पिटलचे कागद नाहीत, मग कोण विश्वास ठेवणार. व्हावाला पोलीस रिपोर्ट लागतोच असं नाही, विश्वासार्ह असा कुठलाही पुरावा विचारात घ्यावा असं कायद्यातच आहे. माझ्या फाइलमध्ये काय होतं तर त्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, माझ्या आईला मी पाठवलेले व्हॉइस मेसेज मराठीतले त्यांचं भाषांतर करून, किराणाच्या पैशाचा हिशेब मागणारे त्याचे ईमेल, समुपदेशकाचं पत्र, एका मैत्रिणीचं प्रतिज्ञापत्र की ही आमच्याकडे रात्री मुलाला घेऊन आली होती, आणि सगळ्यात मोठं म्हणजे माझं स्वतःचं निवेदन. ते लिहायला मला फार वेळ लागला, वकीलबाई सारखी म्हणायची तारीख आठवत नसेल तर "गणपतीच्या दिवसांत" असं लिही पण खोटी तारीख घालू नको. आणि नुसता मारच मोजत नाहीत. पैसे न देणं, कोंडून ठेवणं, व्हिसा कॅन्सल करीन म्हणून धमकावणं, माहेरी फोन करू न देणं, हे सगळं मिळून अतिशय क्रूर वागणूक म्हणून धरलं जातं. लग्न खरं होतं हेही दाखवावं लागतं, त्यामुळे लग्नाचे फोटो रागाने डिलीट करू नका गं बायांनो, मी अर्धे केले होते.

पेशवेपार्क
विषय गंभीर आहे मान्य, पण नाण्याला दुसरी बाजू असते. ग्रीनकार्डची रांग एवढी मोठी असताना खोटी केस करून उडी मारणाऱ्या बायका मी ऐकल्यात. नवऱ्याचं करिअर एका तक्रारीत संपतं. कायदे कायम एकतर्फी.

हडसनकाठ
"ऐकल्यात" ह्यात सगळं आलं.

टेक्सासचा_तात्या
पेशवेपार्क, खोटे अर्ज होतात, नाकारण्यात अर्थ नाही. २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये फेडरल केस झाली ती आठवत असेल, दुकानात खोटे दरोडे घालायचे, कॅमेऱ्यात बंदूक दिसेल अशी, आणि मग गल्ल्यावरच्या माणसाने पीडित म्हणून यू व्हिसा, म्हणजे गुन्ह्याच्या बळींसाठीचा व्हिसा, मागायचा. आपलीच देशी मंडळी होती. पण ती पकडली गेली ना? बंदूक दाखवून लुटलं असा बनाव करायचा आणि रात्री किचनमध्ये ज्या बाईचा हात पिरगाळला तिला त्याच टोपलीत टाकायचं हे काही पटत नाही. आणि करिअर तक्रारीने नाही संपत हो, मारल्याने संपतं.

पेशवेपार्क
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

दुकानदार_भाऊ
यू व्हिसाचा विषय निघालाच आहे तर. मी गॅस स्टेशनवर कामाला असताना खरोखरचा दरोडा पडला होता, डोक्यात मारलं, टाके पडले. तेव्हा कोणीतरी म्हणालं यू व्हिसा मिळतो, वकिलाकडे गेलो तर म्हणाला नुसता दरोडा यादीत नाही, तुम्हाला जी मारहाण झाली ती गंभीर हल्ल्यात बसते का ते बघावं लागेल. पोलिसांनी सर्टिफिकेट द्यायला इतके दिवस लावले की मी नाद सोडला होता, मग नवीन अधिकारी आला त्याने सही केली. त्या खोट्या दरोड्यांमुळे सगळ्या खऱ्या लोकांकडे संशयाने बघतात त्याचा फार संताप येतो.

कायदेकानू
रात्र झाली, आता निवांत. भाऊंनी निम्मं काम केलंय.
यू व्हिसा २००० सालच्या कायद्यातून आला. ह्यात नवरा कोण ते बघत नाहीत, गुन्हा कुठला ते बघतात, आणि यादीत घरगुती हिंसा आहे, लैंगिक अत्याचार आहे, डांबून ठेवणं, ब्लॅकमेल आहे, पाठलाग करून छळणं नंतर घातलं. म्हणजे एच-४ वाल्या बाईला हे दार उघडं आहे. अट दोन प्रकारची, एक म्हणजे तिला शारीरिक किंवा मानसिक बऱ्यापैकी इजा झालेली हवी, दुसरी म्हणजे तिने पोलिसांना किंवा सरकारी वकिलांना मदत केलेली हवी आणि त्यांनी तसं सर्टिफिकेट सही करून द्यायला हवं, ते आय-९१८ फॉर्मचं सप्लिमेंट बी. ती सही सहा महिन्यांत शिळी होते, त्याच्या आत अर्ज जायला लागतो. पोलिसांवर सही करायची केंद्रीय सक्ती नाही, एखादं खातं चटकन देतं, शेजारच्या काउंटीतलं देतच नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ठराविक मुदतीत उत्तर द्यायचा कायदा केलाय. फिर्याद कोर्टात टिकली पाहिजे, नवरा दोषी ठरला पाहिजे, अशी अट नाही.
वाईट बातमी अशी की वर्षाला मुख्य अर्जदारांना फक्त १०,००० यू व्हिसा देतात आणि अर्ज लाखांनी तुंबलेत. म्हणून २०२१ पासून एक मधली पायरी आणली, अर्ज प्रथमदर्शनी प्रामाणिक वाटला तर वर्क परमिट आणि तेवढ्या काळापुरतं देशाबाहेर न काढण्याचं संरक्षण, चार वर्षांचं. त्या पायरीलाही वेळ लागतोच. व्हिसा हातात पडल्यावर तीन वर्षांनी ग्रीनकार्डला अर्ज करता येतो.
दुसरं, आणि हे कोणालाच माहीत नसतं. २००५ च्या दुरुस्तीत एच, ए, जी अशा व्हिसावाल्यांच्या छळ झालेल्या जोडीदाराला वर्क परमिट द्यायची तरतूद झाली, ती बारा वर्षं कागदावरच राहिली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये फॉर्म निघाला, आय-७६५व्ही. हे नेहमीच्या एच-४ ईएडीपेक्षा वेगळं. त्याला नवऱ्याचं आय-१४० लागत नाही, त्याचे कागद नाही, सही नाही. दोन वर्षांचं परमिट मिळतं. पण हे फक्त कामाचं परमिट आहे, नवऱ्यापासून स्वतंत्र असं स्टेटस ह्यातून मिळत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. पगार सुरू होतो, वकिलाला द्यायला पैसे येतात, खोली भाड्याने घेता येते, एवढंच. एवढंही कमी नाही.
तिसरं घटस्फोटाचं. नवऱ्याने अर्ज टाकला त्या दिवशी एच-४ जात नाही, डिक्री निघाली की जातो. आणि नोकरी गेल्यावर ६० दिवस मिळतात तसे ह्यात मिळत नाहीत. त्यामुळे डिक्रीच्या आधीच विद्यार्थी व्हिसा किंवा दुसरं काही स्टेटस मागायचा अर्ज जायला हवा. कुठल्याही कागदावर, "म्युच्युअल आहे, इथे सही कर" म्हणाला तरी, वकिलाने वाचल्याशिवाय सही नको.

केतकीचंबन
दादा, काय बोलू कळत नाही, इतकं एकत्र कोणीच सांगितलं नव्हतं. त्याचा व्हिसा जाईल ह्या भीतीचं काय करायचं? ती तिथेच अडून बसलीय. म्हणते मी फोन केला तर दोघांचंही जाईल, मुलीचं काय.

कायदेकानू
भीती बिनबुडाची नाही. घरगुती हिंसेत अटक झाली तर कॉन्सुलेट पासपोर्टातला व्हिसा रद्द करू शकते, पण तो रद्द झाला म्हणून त्याच दिवशी अमेरिकेतलं स्टेटस संपत नाही, तो बाहेर गेला की परत येताना अडकतो. दोषी ठरला तर देशाबाहेर काढायचं कारण होतं. नोकरी गेली तर त्याचं स्टेटस आणि त्याला जोडलेलं हिचं, दोन्ही धोक्यात. म्हणूनच फोन करण्याच्या आधी, शक्य असेल तर, एकदा वकिलाशी बोलणं. जिवावर बेतलं असेल तर मात्र व्हिसाबिसा काही बघायचं नाही, ९११.
आणि नवरा जे "तुझं स्टेटस मी एका फोनवर कॅन्सल करीन" म्हणतो ते नुसती हवा असते बऱ्याचदा. एच-४ तो सोडचिठ्ठी देऊन संपवू शकतो हे खरं. पण नोकरीतून मिळालेलं ग्रीनकार्ड एकदा बायकोच्या हातात पडलं की ते तिचं, नवऱ्याला काढून घेता येत नाही. लग्नातून मिळालेलं दोन वर्षांचं कंडिशनल ग्रीनकार्ड असेल तर ते पक्कं करायचा आय-७५१ तिला एकटीला भरता येतो, छळाच्या कारणाने भरला तर घटस्फोट व्हायचीही वाट बघावी लागत नाही. किती बायका निव्वळ ह्या एका धमकीवर वर्षानुवर्षं बसून असतात.

हडसनकाठ
९११ ला फोन केला की एक करायला तिला शिकव. पोलीस आले की म्हणायचं "मराठी इंटरप्रिटर प्लीज". इंग्रजी येत असलं तरी. मार खाल्ल्यावर आपण चांगलं इंग्रजी बोलणारेही त-त-प-प करतो आणि समोर तो थंड डोक्याने बोलत असतो. फोनवर दुभाष्या जोडून देतात. नवऱ्यापासून वेगळ्या खोलीत बोलायचं म्हणायचं, आणि जाताना रिपोर्टचा नंबर मागून घ्यायचा. मागच्या वेळी शेजाऱ्यांनी केलेल्या फोनचाही रेकॉर्ड असतो, तो मागवता येतो.
आणि अजून एक, तो उलटी तक्रार करतो की हिनेच मला ओरबाडलं, हे मी फार बघितलंय. स्वतःला वाचवताना हिची नखं लागलेली असतात आणि अटक हिला होते. तसं झालं तर पब्लिक डिफेंडरला (आरोपीला सरकारकडून मिळणारा वकील) पहिल्याच भेटीत सांगायचं की इमिग्रेशनचा प्रश्न आहे, गुन्हा कबूल करून मोकळं होऊ नको.

आजोळ
हे वाचून मी गप्प बसलो आहे. फक्त विचारतो, दिवाळीला येऊ द्यायचं की नाही?

निनावी_पाखरू
काका, नाही. शेल्टरमधल्या त्या तेलुगू मुलीला तसंच आणून सोडलं होतं, हैदराबादला उतरल्यावर पासपोर्ट घेऊन नवरा गायब, ती वर्षभर तिथे अडकली, कशी परत आली ती वेगळीच कथा आहे. तिकडे गेल्यावर एच-४ स्टॅम्पिंगला नवऱ्याचेच कागद लागतात. तिने "बरं वाटत नाही, तुम्ही दोघं जाऊन या" सुद्धा म्हणू नये कारण मग मुलगी जाते. मुलीचा पासपोर्ट कुठे आहे बघा.

कायदेकानू
मुलीला भारतात न्यायची मनाई करणारा आदेश कोर्टाकडे मागता येतो. बहिणीचा भारतीय पासपोर्ट नवऱ्याने दडवलाय हे पोलीस रिपोर्टमध्ये लिहून घेतलं की त्यावर कॉन्सुलेटमध्ये नव्या पासपोर्टला अर्ज करता येतो. वकिलातींकडे इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड असतो २००९ पासून, परदेशात सोडून दिलेल्या बायकांना त्यातून कायदेशीर खर्चाला मदत होते, मागायला लाजू नये.
पुण्यात माहेरी यायची वेळ आलीच तर तिथूनही तक्रार करता येते. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने रूपाली देवीच्या केसमध्ये सांगितलं की बाई जिथे आसऱ्याला आली तिथेही ४९८अ ची तक्रार चालते. ते कलम आता न्यायसंहितेत ८५ झालंय. पण इथल्या अर्जात जे लिहिलं आणि तिकडच्या फिर्यादीत जे लिहिलं ते जुळलं पाहिजे, पुण्यातल्या वकिलाने जोर यावा म्हणून चार गोष्टी वाढवून घातल्या की इथली फाइल लंगडी होते.

आजोळ
आमच्या वेळी मुंबईत पोलीस स्टेशनातच बायकांसाठी टाटा इन्स्टिट्यूटने स्पेशल सेल काढला होता, १९८४ साली. तिथे निदान आपल्या भाषेत ऐकून घेणारं माणूस मिळायचं.

स्लाऊची_सून
यूकेतून लिहितेय. आमच्याकडेही हाच घोळ होता, नवरा ब्रिटिश किंवा सेटल्ड (कायम राहायची परवानगी असलेला) असेल तरच बायकोला छळाच्या कारणावर तीन महिन्यांची वेगळी परवानगी आणि सरकारी मदत, २०१२ पासून. एप्रिल २०२४ पासून ती स्किल्ड वर्कर आणि स्टुडंटच्या जोडीदारालाही देतात. पण गंमत बघा, ब्रिटिश नवऱ्याची बायको त्या तीन महिन्यांत कायम राहण्याचा अर्ज करू शकते, स्किल्ड वर्करची नाही करू शकत, तिने तीन महिन्यांत काय ते बघायचं आणि नाही जमलं तर परत. निम्मं दार उघडलंय. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही बायकांची संस्था वर्षानुवर्षं ह्यावर भांडतायत, माझ्या एका ओळखीच्या बाईला त्यांनीच सांभाळलं.

टेक्सासचा_तात्या
ही नवराबायकोपुरतीच गोष्ट नाही म्हणून लिहितो. कत्रिना वादळानंतर २००६ मध्ये सिग्नल इंटरनॅशनल कंपनीने जवळपास ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर आणले होते, भरती मुंबईच्या एजंटामार्फत, ग्रीनकार्ड मिळेल सांगून प्रत्येकाकडून हजारो डॉलर उकळले. आणले एच-२बी वर, एकेका ट्रेलरमध्ये चोवीस चोवीस माणसं आणि त्याचेच महिन्याला १,०५० डॉलर पगारातून कापायचे. एक कॅम्प मिसिसिपीत पास्कागुला, दुसरा आमच्या टेक्सासात ऑरेंजला. लोकांनी घरं गहाण टाकलेली, तोंड उघडलं तर परत पाठवू अशी धमकी. २००८ मध्ये ते कॅम्प सोडून बाहेर पडले, २०१५ मध्ये ज्युरीने पहिल्या पाच जणांना मिळून १.४ कोटी डॉलर द्यायला लावले. त्यातल्या बऱ्याच जणांना टी व्हिसा मिळाला, मानवी तस्करीच्या बळींसाठीचा, वर्षाला ५,००० ची मर्यादा असते. घरकामाला म्हणून आणून कोंडून ठेवलेल्या बाईलाही हाच लागू होऊ शकतो, नातेवाईकाने आणली असली तरी.

हडसनकाठ
तात्या, बरं झालं लिहिलंत. आमच्याकडे अशा मावश्या येतात, दूरच्या नात्यातल्या म्हणून आणलेल्या, त्यांना आपण "कामगार" आहोत हेच माहीत नसतं.
आता इथल्या मराठी मंडळांबद्दल एक बोलून टाकते, राग आला तर येवो. गणपतीला ढोलपथक उभं करायला शंभर माणसं मिळतात आणि आम्ही हेल्पलाइनची पत्रकं बायकांच्या टॉयलेटमध्ये लावायची परवानगी मागितली तर एका मंडळाच्या कमिटीने सांगितलं की "फॅमिली इव्हेंट आहे, वातावरण बिघडेल". टॉयलेटमध्येच का, तर ती एकच जागा असते जिथे नवरा सोबत येत नाही. दुसऱ्या मंडळाने मात्र न विचारता स्वतः छापून दिली, तिथून त्याच महिन्यात फोन आले.

निनावी_पाखरू
मला तसंच एक पत्रक मिळालं होतं. देवळातल्या टॉयलेटमध्ये, खाली फाडून घ्यायच्या नंबरच्या चिठ्ठ्या होत्या.

दुकानदार_भाऊ
एक सावध करतो. "इमिग्रेशन कन्सल्टंट" पाट्या लावून बसलेत, पाचशे डॉलरमध्ये व्हावा भरून देतो, सगळं मीच लिहितो म्हणतात. सगळ्यांना एकच साच्यातली कहाणी. परवान्याचा वकील किंवा सरकारने मान्यता दिलेला प्रतिनिधी, दोघांपैकीच कोणीतरी. फुकट करणारे पण खरे वकील संस्थांकडून मिळतात.

केतकीचंबन
सगळ्यांचे आभार. काल 'दया'शी ती बोलली, कुठून ते लिहीत नाही. त्यांनी वकील जोडून दिलाय. रेकॉर्डिंग करू का असं ती विचारत होती, तो ओरडतो ते.

कायदेकानू
टेक्सासमध्ये संभाषणातला एक जण राजी असला तर चालतं आणि ती स्वतः संभाषणात आहे. कॅलिफोर्नियात साधारणपणे असं चालत नाही, तिथे सगळ्यांची संमती लागते, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या वाचकांनी हे उचलू नये. आणि फोन त्याच्या हाती लागत असेल तर पुराव्यापेक्षा जीव मोठा, तिने वकिलाला विचारूनच ठरवावं. कॉपी तिच्या फोनवर ठेवायची नाही.
शिवाय नियम हल्ली भराभर बदलतायत, फॉर्मची आवृत्ती सुद्धा. हा धागा कोणी वर्षभराने वाचला तर त्यातल्या मुदती आणि फॉर्म एकदा तपासून घ्या.

रानमेवा
धागा वाचतेय कालपासून. वेगळा प्रश्न आहे, इथेच विचारू का? माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या आई, वय सत्तरच्या पुढे, मुलाकडे न्यूजर्सीत आहेत. व्हिजिटर व्हिसावर नातवंडं सांभाळायला आणलं, मुदत कधीच उलटून गेली. मुलगा सिटिझन आहे. सून बोलत नाही, मुलगा हात उचलतो, औषधं आणून देत नाही, बाहेर पडलीस तर पोलीस पकडतील म्हणतो. त्या फोनवर फक्त रडतात. त्यांना तर नवऱ्याचाही प्रश्न नाही, त्यांना काय?

कायदेकानू
अवश्य विचारा. व्हावामध्ये २००५ नंतर आईवडीलही आले. मुलगा किंवा मुलगी सिटिझन असेल, वय २१ किंवा जास्त असेल आणि तो छळत असेल तर आईला स्वतःच आय-३६० भरता येतो, त्याच्याबरोबर राहिल्याचं दाखवावं लागतं. मुलगा नुसता ग्रीनकार्डवाला असता तर चाललं नसतं. व्हिसाची मुदत उलटली हे तिच्या आड येत नाही, ह्याच अर्जावर पुढे ग्रीनकार्ड मागता येतं. मुलगा पोलीस पकडतील म्हणतो त्यावर एवढंच की वकील भेटेपर्यंत त्यांनी भारतात जायला विमानात बसू नये, मुदत उलटून वर्षाच्या वर झालं असेल आणि बाहेर पडल्या तर दहा वर्षांची प्रवेशबंदी लागू शकते. परत जायचंच असं त्यांच्या मनात असेल तर गोष्ट वेगळी, ते त्यांनी ठरवायचं, मुलींनी नाही.

हडसनकाठ
रानमेवा, जर्सीत 'मानवी' ही अशीच संस्था आहे, १९८५ पासून, मला विपू कर, मी उद्या बोलून ठेवते. औषधं बंद आहेत म्हणालीस, ती कसली आहेत? बीपी, शुगरची असतील तर अर्ज नंतर, आधी अ‍ॅडल्ट प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेसला (वयस्क माणसांच्या छळाची दखल घेणारं सरकारी खातं) काउंटीत फोन जायला हवा, तो शेजाऱ्यांनी केला तरी चालतो, नाव सांगावं लागत नाही.

रानमेवा
शुगरची, इन्सुलिन. विपू केलीय.